मानसिक रुग्णाची तातडीची आणि अल्पमुदतीची भरती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शुभंकरांनी, म्हणजे घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी, बैठकीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर परत परत विचारलेले आहेत. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. उत्तरांना आधार मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चा आहे. हा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. घरात आत्ताच परिस्थिती हाताबाहेर गेली असेल तर बाकी सगळं सोडा आणि प्रश्न ४ वाचा.

१. माझ्या भावाला उपचार नकोच आहेत. त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करता येतं का?

येतं, पण "तो आजारी आहे" एवढं कारण पुरत नाही. प्रत्येक माणूस आपल्या उपचारांचा निर्णय स्वतः घेऊ शकतो, असं कायदा धरून चालतो. स्किझोफ्रेनियाचं निदान झालेलं असलं तरी हेच लागू. दिलेली माहिती त्याला समजते का, निर्णयाचे परिणाम उमजतात का, बोलून किंवा खुणेने निर्णय सांगता येतो का, हे डॉक्टर तपासतात. त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याची क्षमता नाकारता येत नाही.

मर्जीविरुद्ध भरतीचे मार्ग मोजकेच आहेत: तातडीचे उपचार (प्रश्न २), ३० दिवसांपर्यंतची भरती (प्रश्न ३) आणि काही प्रसंगी मॅजिस्ट्रेटचा आदेश (प्रश्न १३). त्याआधी एकदा तरी शांतपणे, त्याचं ज्या माणसाशी पटतं त्याला मध्ये घालून, "नुसतं डॉक्टरांशी बोलून तर येऊ" असं म्हणून पाहा. स्वतःच्या पायांनी आत गेलेला माणूस पुढची औषधंही जास्त टिकून घेतो, हे आम्ही अनेक घरांत पाहिलं आहे.

२. तो "७२ तासांचा नियम" नेमका काय आहे?

कायद्याच्या कलम ९४ मध्ये तातडीच्या उपचारांची तरतूद आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्रकृतीचं भरून न येणारं नुकसान होणार असेल, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करेल अशी स्थिती असेल, किंवा आजारापोटी मालमत्तेची मोठी नासधूस करत असेल, तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर लगेच उपचार सुरू करू शकतो. मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर शांत करणारं इंजेक्शन देऊ शकतात, आणि ते घरी येऊनही देता येतं. जवळच्या मानसोपचार केंद्रात पोचवण्याची सोय करणंही या उपचारांतच मोडतं. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. (प्रतिनिधी कोण, ते प्रश्न ६ मध्ये.)

७२ तास ही कमाल मर्यादा आहे. मानसोपचार केंद्रात रुग्णाची तपासणी झाली की ही मुदत तिथेच संपते, भले पाचच तास झालेले असोत. सरकारने आपत्ती जाहीर केली असेल तर ती सात दिवसांपर्यंत वाढू शकते. तातडीचे उपचार म्हणून शॉक, म्हणजे ईसीटी, देता येत नाही. या निमित्ताने दुसरेच काही उपचार उरकून घेण्यालाही परवानगी नाही.

३. ७२ तासांनी काय? लगेच घरी पाठवतात?

तपासणीनंतर तीनच रस्ते उरतात: घरी जाणं, स्वतःच्या संमतीने राहणं, किंवा कलम ८९ खालची भरती. या तिसऱ्या मार्गाला दवाखान्यात "सपोर्टेड ॲडमिशन" म्हणतात आणि तिची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस असते.

तिच्यासाठी प्रतिनिधीचा लेखी अर्ज लागतो. दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे, आणि तपासणी भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. आजार गंभीर आहे आणि त्यापोटी रुग्णाने नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला किंवा तशी धमकी दिली, किंवा तो इतरांवर हिंसक झाला वा त्याच्यापासून इजा होईल अशी भीती निर्माण झाली, किंवा खाणं-पिणं, स्वच्छता यांची एवढी आबाळ झाली की त्यालाच धोका आहे, यांतलं एक तरी दोघांनाही दिसलं पाहिजे. शिवाय याहून कमी बंधनाचा दुसरा उपाय उरलेला नाही आणि रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही, हेही लिहून द्यावं लागतं.

आबाळीच्या या निकषाकडे घरच्यांचं बरेचदा लक्षच जात नाही. "तो कुणाला मारत नाही हो, नुसता कोपऱ्यात बसून असतो, चार दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही," असं सांगून लोक फोन ठेवायला निघतात. हिंसा नसली तरी हीसुद्धा तातडीच आहे. डॉक्टरांना नेमकं सांगा: शेवटचं जेवण कधी, झोप किती, वजन किती उतरलं.

भरतीची खबर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (भरतींवर देखरेख करणारं मंडळ; त्यात कोण असतात ते प्रश्न ८ मध्ये) द्यावी लागते; स्त्री असेल तर तीन दिवसांत, पुरुष असेल तर सात दिवसांत. प्रतिनिधीच्या संमतीवर उपचार चालू असतील तर रुग्ण स्वतः संमती देऊ शकतो का, हे दर सात दिवसांनी पुन्हा पाहतात. तो सावरला की भरती त्याच्या स्वतःच्या संमतीवर येते, आणि घरी जायचं तर तो जाऊ शकतो.

४. आत्ता या क्षणी घरात आरडाओरडा चालू आहे. कुणाला फोन करू?

कुणी जखमी आहे, काही प्यायलं आहे किंवा हातात हत्यार आहे, तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर "वेड लागलंय, भांडण झालंय" म्हणू नका. "मानसिक आजाराचा रुग्ण आहे, उपचार चालू होते, औषध इतक्या दिवसांपासून बंद आहे, जिवाला धोका आहे" असं सांगा. म्हणजे येणारा माणूस घरगुती भांडण समजून येणार नाही. धोका तेवढा टोकाचा नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा २०२२ पासून चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

मदत येईपर्यंत एकानेच बोलायचं, तेही हळू आवाजात. बाकीच्यांनी, विशेषतः मुलांनी, दुसऱ्या खोलीत जायचं. त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांवर किंवा संशयावर वाद घालू नका. "तुला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे," एवढं पुरे. दाराची वाट मोकळी ठेवा. विळी, सुऱ्या, गोळ्यांचा साठा आणि शेतकरी घरात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या आधीच उचलून शेजारी द्या. निघताना जुनी फाइल, चालू औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि आधार कार्ड बरोबर घ्या. औषधाचं नाव आठवत नसलं तरी पट्टी पाहून डॉक्टर अर्धं काम पुढे नेतात.

५. पोलीस त्याला लॉकअपमध्ये टाकतील का?

टाकता येत नाही. आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस हद्दीत भटकताना आढळला, किंवा आजारामुळे त्याच्यापासून स्वतःला वा इतरांना धोका दिसला, तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. का घेतलं ते त्याला किंवा प्रतिनिधीला सांगावं लागतं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. कोठडी किंवा तुरुंग यांना कलम १०० मध्ये साफ मनाई आहे. बेघर माणूस असेल तर हरवल्याची नोंद करून त्याचं घर शोधायची जबाबदारीही ठाण्याचीच.

आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून गुन्हा दाखल होईल, ही भीती अजून खूप घरांत आहे आणि तिच्यापायी लोक रुग्णालयात जायला उशीर करतात. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं २०१७ चा कायदा गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंडविधानातलं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

६. नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे कोण? बायको असली की ती आपोआप होते ना?

रुग्णाने कुणाचं नाव दिलेलं नसेल तर नातेवाईक, ते नसतील तर काळजी घेणारी व्यक्ती, असा क्रम लागतो. पण रुग्णाने आधी कुणाला नेमलं असेल तर तीच व्यक्ती प्रतिनिधी, मग घरातले वडीलधारे काहीही म्हणोत. नेमणूक अगदी साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने होते. स्टँप पेपर लागत नाही, आणि ज्याला नेमायचं तो नातेवाईकच असावा असंही नाही. मित्र चालतो. नेमणूक कधीही बदलता येते.

पेशंट बरा असताना हा कागद करून घ्या. तातडीच्या रात्री भाऊ, बायको आणि मेहुणा तिघंही रुग्णालयाच्या दारात तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगत असतात आणि डॉक्टर कुणाची सही घ्यावी या पेचात पडतात.

७. "मला अमुक दवाखान्यात नेऊ नका" असं आधी लिहून ठेवता येतं का?

येतं. त्याला पूर्वनिर्देश म्हणतात. कुठलाही सज्ञान माणूस, आजारी असो वा नसो, आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि प्रतिनिधी कोण, हे लिहून ठेवू शकतो. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही. ३० दिवसांच्या भरतीचा निर्णय घेताना मात्र डॉक्टरांना तो विचारात घ्यावाच लागतो. डॉक्टर किंवा घरच्यांना तो मान्य नसेल तर त्यांनी मंडळाकडे जायचं. परस्पर बाजूला ठेवायचा नाही.

८. माझ्या काकांच्या वेळी कोर्टाची ऑर्डर लागायची आणि मग वर्षानुवर्षं माणूस आतच. आता हे कसं बदललं?

शंभर वर्षांत दिशा बरीच पालटली. १९१२ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने माणूस आत जायचा आणि बाहेर यायची निश्चित तारीख नसायची. १९८७ चा कायदा १९९३ पासून लागू झाला. त्यात दोन डॉक्टरांच्या दाखल्यांवर आणि नातेवाइकांच्या अर्जावर ९० दिवस ठेवता येत असे. त्यापुढे पुन्हा कोर्ट. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडी इथे मनोरुग्णांना ठेवायच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळताही आलं नाही आणि २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि देशातला कायदा त्याला धरून नव्याने लिहिणं भाग पडलं. त्यातून आजची चौकट आली: ७२ तास, मग ३० दिवस, आणि त्यापुढे मंडळाच्या परवानगीनेच ९०, मग १२०, मग दर वेळी १८० दिवस. निर्णय न्यायालयातून डॉक्टरांकडे आणि देखरेख मंडळाकडे गेली. मंडळात न्यायिक अधिकारी, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि डॉक्टर असतात, तसेच रुग्ण, शुभंकर किंवा संस्थांचे प्रतिनिधीही असतात.

मुदत कमी झाली हे चांगलंच झालं. पण तिच्या जोडीला घराबाहेरची व्यवस्था उभी राहायला हवी होती. हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला तात्पुरता निवारा), निवासी आधार, घरी येणारा सामाजिक कार्यकर्ता हे सगळं कायद्यात राज्य सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेलं आहे. ते पुरेसं नाही, म्हणून वीस दिवसांत सुटलेला माणूस तीन महिन्यांत परत येतो. दुसरीकडे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरच्यांनी न नेलेले लोक आहेत. अशांना भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत थांबवा, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावं लागलं. भरतीची मुदत मोजताना डिस्चार्जनंतरच्या दिवसांचा हिशेब कुणी ठेवत नाही, ही आजची खरी उणीव आहे.

९. दारू सुटावी म्हणून एका केंद्राची माणसं येऊन "उचलून" नेतात म्हणे. नेऊ द्यावं का?

नाही. खाजगी केंद्राच्या माणसांना कुणालाही घरातून जबरदस्तीने उचलण्याचा अधिकार नाही. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत येतात, म्हणून अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी आणि भरतीचे वरचे सगळे नियम लागू आहेत. आधी स्वतः केंद्रात जाऊन नोंदणी प्रमाणपत्र विचारा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, रात्री डॉक्टर असतो का, फोन करू देतात का, भेट कधी, हे विचारा. पहिला महिना भेट बंद, असं उत्तर आलं तर तिथून परत फिरा, कारण रुग्णाला बाहेरच्यांशी संपर्क ठेवण्याचा हक्क आहे.

यात जिवाचा धोकाही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, फिट, नसलेल्या गोष्टी दिसणं आणि वेळ-जागेचं भान सुटणं हे होऊ शकतं. ही अवस्था रुग्णालयातच सांभाळायची असते. कुलूपबंद खोलीत ती जीव घेते. एका मावशींनी सांगितलेली गोष्ट विसरता येत नाही: नवऱ्याला नेल्याच्या तिसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला, "नाटक करतोय, भिंतीवरचे किडे झाडतोय." त्यांनी ताबडतोब तालुक्याच्या रुग्णालयात हलवायला लावलं म्हणून तो वाचला.

१०. जेवणात गोळी मिसळून देतो. चालेल ना?

हे विचारणाऱ्या आयांच्या मागे वर्षांची दमछाक असते, म्हणून उत्तर जपून देतो, पण उत्तर "नाही" असंच आहे. लिथियमसारख्या औषधाला रक्तातली पातळी तपासत राहावी लागते. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जुलाब झाले तर ते अंगावर येतं. क्लोझापिन मध्येच बंद पडून पुन्हा पूर्ण डोसने सुरू झालं तर धोका असतो. वरणात चुरलेल्या गोळीचा निम्मा डोस ताटातच राहतो आणि डॉक्टर मात्र तो पूर्ण गेला असं धरून पुढचा ठरवतात. शिवाय संशय हाच ज्याचा आजार आहे, त्याच्या हाती एके दिवशी खरा पुरावा लागतो, आणि मग तो घरचं जेवणही सोडतो. डॉक्टरांना खरं सांगा. महिन्यातून एकदा घ्यायचं डेपो इंजेक्शन, विरघळणारी गोळी, डोस बदलणं असे मार्ग रुग्णाशी बोलून निघतात. धोका वाढला असेल तर प्रश्न २ आणि ३ आहेतच.

११. बहीण स्वतःहून ॲडमिट झाली. आता ती घरी जायचं म्हणते, डॉक्टर थांबा म्हणतात. कोण बरोबर?

स्वेच्छेने आलेल्या रुग्णाने मागितला की डिस्चार्ज द्यावा लागतो. अपवाद एकच. ती निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही किंवा प्रश्न ३ मधला एखादा धोका आहे असं वाटलं, तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. तेवढ्यात एकतर कलम ८९ ची प्रक्रिया पूर्ण व्हायला हवी, नाहीतर डिस्चार्ज.

१२. मुलगी सोळा वर्षांची आहे. आणि दुसऱ्या एका घरातला प्रश्न: बाळंतिणीला दाखल करायचंय, बाळाचं काय?

अल्पवयीन मुलांची भरती अपवाद म्हणूनच. दोघांची स्वतंत्र तपासणी (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ), मोठ्यांपासून वेगळी जागा, पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ सोबत, आणि मुलीसोबत पुरुष पालक असेल तर स्त्री सोबतीण. मंडळाला ७२ तासांत कळवावं लागतं.

बाळंतपणानंतरचा तीव्र आजार ही खरी तातडी असते, लपवून ठेवू नका. तीन वर्षांखालचं मूल आईपासून सहसा वेगळं करायचं नाही, असं कायदा सांगतो. बाळाला धोका आहे असं मानसोपचारतज्ज्ञांना वाटलं तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात आणि दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करतात. दाखल करतानाच विचारा की आई-बाळ एकत्र ठेवायची सोय आहे का.

१३. शेजारच्या घरात एका बाईंना खोलीत कोंडून, पायाला साखळी घालून ठेवलंय. आम्ही बाहेरचे, काय करणार?

पोलीस ठाण्याला कळवा, कुणीही कळवू शकतं. घरात रुग्णाला वाईट वागणूक मिळते किंवा आबाळ होते असं दिसलं तर ठाणे अंमलदाराने मॅजिस्ट्रेटना कळवायचं असतं. मॅजिस्ट्रेट त्यांना तपासणीसाठी सरकारी मानसोपचार केंद्रात पाठवू शकतात, किंवा फार तर दहा दिवसांच्या भरतीचा आदेश देऊ शकतात. साखळी कुठल्याही स्वरूपात निषिद्ध आहे, देवस्थानात किंवा दर्ग्यात घातलेलीसुद्धा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण होत असेल तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो. घरच्यांना गुन्हेगार ठरवायच्या आधी १४४१६ चा नंबर त्यांच्या हातात द्या. अनेक घरांत ती साखळी थकव्यातून आलेली असते.

१४. नवऱ्याने घटस्फोटासाठी मला दाखल केलं होतं. पुन्हा करेल अशी भीती वाटते.

आजच दोन कागद करा: विश्वासातल्या दुसऱ्या व्यक्तीला प्रतिनिधी नेमणारा (प्रश्न ६) आणि पूर्वनिर्देश (प्रश्न ७). पूर्वी उपचार झाले होते, एवढ्यावरून आत्ता आजार आहे असं ठरत नाही, हे कायद्यातच आहे. घरच्या किंवा समाजाच्या चालीरीतींशी न पटणं हाही आजाराचा पुरावा नाही. दाखल झालातच तर तुम्ही स्वतः मंडळाकडे अपील करू शकता आणि त्यावर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. रुग्णालयाने याची माहिती देणं बंधनकारक आहे. नाही दिली तर तेही अपिलात लिहा.

१५. मुलगा कॅलिफोर्नियात शिकतो. त्याला "५१५०" वर ठेवलंय म्हणे. ही शिक्षा आहे का?

शिक्षा नाही, गुन्ह्याची नोंदही नाही. ५१५० हे तिथल्या कायद्याचं कलम आहे. तपासणीसाठी ७२ तासांपर्यंत ठेवतात, पुढे गरज वाटली तर १४ दिवस, आणि त्यावर सुनावणी होते. इतर देशांतही अशा मुदती आहेत. इंग्लंडमध्ये पोलिसांनी आणलेल्याला ठेवण्याची मुदत २०१७ च्या अखेरीस ७२ वरून २४ तासांवर आणली. तपासणीची भरती २८ दिवसांची. स्कॉटलंडमध्येही ७२ तास आणि २८ दिवस, आणि ७२ तासांच्या तातडीच्या भरतीला शक्य तिथे खास प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याची संमती. ती संमती न घेताच होणाऱ्या तातडीच्या भरतींबद्दल तिथल्या देखरेख आयोगाने वारंवार चिंता व्यक्त केली आहे. घाईत देखरेख गळून पडते, हे तिकडेही आहेच.

रुग्णालय तुम्हाला काहीच सांगत नाही म्हणून हताश होऊ नका. मुलाच्या संमतीशिवाय त्यांना बहुधा सांगता येत नाही, पण तुमचं ऐकून घ्यायला अडचण नसते. जुनं निदान, औषधं, ॲलर्जी, घरात कुणाला असा आजार आहे का, हे एका पानात लिहून वॉर्डला पाठवा.

१६. डिस्चार्ज होऊन चारच दिवस झाले आणि पुन्हा बिघडलं. परत तेच ३० दिवस?

नाही. कलम ८९ खालून सुटलेल्याला सात दिवसांच्या आत परत दाखल करायचं झालं, तर ती भरती कलम ९० खाली धरतात. म्हणजे दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी. तीस दिवस संपले, एक दिवस घरी, पुन्हा तीस दिवस, ही पळवाट त्यामुळे बंद झाली. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच विचारा: पुढची तपासणी कधी, औषध कुठून मिळणार, रात्री बिघडलं तर कुठे यायचं. डिस्चार्ज नियोजनात रुग्णाशी आणि प्रतिनिधीशी बोलणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीचा वार तिथेच लिहून घ्या. गोव्यात असाल तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या ओपीडीची वेळ.